चौदा खिळ्यांची फळी

बदरुद्दीन परकार बावीस वर्षं भोकाच्या तोंडाशी बसून पगार घेत होता. ही चेष्टा त्याची बायको खुदेजा करायची. दुसऱ्या कुणी केली असती तर तिनेच त्याला उभा-आडवा घेतला असता.

पण त्यात खोटं काही नव्हतं. ओमानमधल्या सहमपासून अर्ध्या तासावरच्या एका कारखान्यात तो होल वॉचर होता. तिथे दोन-दोन मजली उंच लोखंडी टाक्या आहेत. वर्षातून एकदा त्या आतून साफ करायच्या असतात, आणि आत शिरायला बाजूला एक गोल भोक, जेमतेम माणूस मावेल एवढं. आत हवा कोंदट, कधी विषारी. म्हणून बाहेर एक माणूस बसवतात. आत जाणाऱ्याने आपल्या नावाचा टॅग आपल्या हाताने फळीवरच्या खिळ्याला अडकवायचा आणि बाहेर आल्यावर आपल्याच हाताने काढायचा. बाहेरच्या माणसाने टॅगला बोट लावायचं नाही. त्याने फक्त बघायचं. दर पाच मिनिटांनी पान्याने टाकीवर दोनदा ठोकायचं, आतून दोन ठोके आले की समजायचं, सगळं ठीक आहे. आणि काहीही झालं, आतला माणूस डोळ्यांदेखत कोसळला, तरी स्वतः आत जायचं नाही. शिट्टी वाजवायची, मदत बोलवायची. वाचवायला आत धावलेला माणूसच आधी मरतो, हे त्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

नव्या पोरांना तो एकच धडा द्यायचा. "कपडा मत देखो, चेहरा देखो. यहाँ सबका कपडा एक है." नेपाळी असो, बिहारी असो, आलेल्याचं तोंड बघितल्याशिवाय तो त्याला टॅग काढू द्यायचा नाही. साहेब लोक त्याच्या दक्षतेचं कौतुक करायचे. दोनदा प्रशस्तिपत्र मिळालं होतं, ते खुदेजाने फ्रिजच्या वर उभं करून ठेवलं होतं.

त्या दक्षतेचं मूळ मात्र भीती होतं, आणि ते घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. रत्नागिरीच्या खाडीकाठी तो वाढला. आठ वर्षांचा असताना लपाछपी खेळताना तो एका लाँचच्या मासळीच्या खणात लपला. वरून कुणीतरी झाकण लावलं आणि खलाशी जेवायला निघून गेले. अर्धा दिवस तो त्या अंधारात, कुजक्या मासळीच्या वासात ओरडत होता. तेव्हापासून तो दार बंद करून झोपला नाही. लिफ्टमध्ये चढला नाही. आखातात आल्यावर कामं बरीच होती, पण आत कधीच जायचं नाही असं काम एकच होतं, म्हणून ते त्याने धरलं आणि सोडलं नाही.

असल्या बापाची तेरा वर्षांची लेक सना डिसेंबरात घरी येऊन म्हणाली, "अब्बा, मला केव्हिंगला जायचंय."

"म्हंजे?"

"म्हणजे केव्ह. डोंगरात. आत क्रॉल करत जायचं. सई पण येतेय. टोटली सेफ आहे."

"नाय म्हंजे नाय," बदरुद्दीन म्हणाला. "माणसानं जमिनीच्या वर ऱ्हावं. खाली न्यायची येळ अल्ला आणतोच, आपण कशाला घाई करायची?"

सना दोन दिवस जेवणाच्या ताटावर रुसून बसली. तिसऱ्या दिवशी मस्कतहून तेजश्रीचा फोन आला. तेजश्री मूळची पुण्याची, दार्सैतला राहणारी, एका कंपनीत इंजिनिअर. ती आणि तिचा मित्र आशुतोष मिळून मराठी मुलांना थंडीच्या दिवसांत डोंगरात नेत. सनाने तिच्यापुढे आधीच रडगाणं गाऊन ठेवलं होतं.

"बदरुभाई, सना सांगत होती तुमचं काम काय आहे ते," तेजश्री म्हणाली. "मला गुहेच्या तोंडाशी बसायला असाच भरवशाचा माणूस हवाय. तुम्हीच या ना. तुम्ही बाहेर, लेक आत. तुमच्या नजरेखाली."

आता याला काय उत्तर द्यायचं? खुदेजा पलीकडून डोळे वटारून बघत होती. बदरुद्दीनने इन्शाल्ला म्हटलं, आणि त्याच संध्याकाळी प्लायवूडचा एक तुकडा घेऊन त्यावर चौदा खिळे ठोकले. बारा मुलं, दोन मोठी माणसं. पत्र्याच्या गोल चकत्या कापून त्यावर एकेक नाव कोरलं. सहमच्या बाजारातून सनासाठी भडक नारिंगी जॅकेट आणलं. एवढा भडक रंग का, असं खुदेजाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "लांबून वळखता यायला नको?"

शनिवारी सकाळी दोन गाड्या डोंगरात पोचल्या. हवा छान गार होती. खाली वादीचं, म्हणजे पावसाळी ओढ्याचं, कोरडं पात्र, गोल पांढऱ्या धोंड्यांनी भरलेलं. त्याच्या काठावर पुरुषभर उंचीला गुहेचं तोंड. बदरुद्दीनने तिथे वाकून बघितलं आणि तो दोन पावलं मागे सरला. तोंडातून जी वाट आत जात होती ती गुडघ्याएवढी उंच होती. तीस-चाळीस फूट सरपटायचं, मग आत मोठं दालन, असं आशुतोष अगदी हसत सांगत होता. आतून गार, मातकट वारा येत होता. मासळीचा वास नव्हता, तरी बदरुद्दीनला तो आला.

त्याने फळी दगडाला टेकवून उभी केली आणि मुलांना समोर उभं केलं.

"आपला टॅग आपल्या हातानं लावायचा, आपल्या हातानं काढायचा. दुसऱ्याचा घ्यायचा नाय. दोस्त असला तरी नाय. आणि आत चुकलात तर हिंडायचं नाय. जिथं आसाल तिथं बसायचं. तुमचा टॅग हितं लटकतोय तवर मी हितनं हलणार नाय. कोण ना कोण येणारच. समजलं?"

"समजलं," मुलं कंटाळून म्हणाली. सनाला बापाची थोडी लाजच वाटली. तरी शेवटी आत शिरताना तिने मागे वळून दोन बोटांनी हेल्मेटवर टक टक केलं. घरात न्हाणीघराच्या दारावर बापलेकीचा हा खेळ चालायचा. बदरुद्दीनने फळीवर टक टक केलं. नारिंगी जॅकेट भोकात गेलं आणि दिसेनासं झालं.

मग तो बसला. बावीस वर्षं हेच केलं होतं, पण आजचं बसणं निराळं होतं. तो पाच-पाच मिनिटांनी चौदा टॅग मोजायचा, जणू त्यातला एखादा आपोआप गळून पडेल.

तासाभराने उन्हाचा रंग बदलला. वरच्या डोंगरामागे काळं काहीतरी जमलं होतं. पलीकडच्या उतारावर एक म्हातारा ओमानी बकऱ्या हाकत घाईघाईने वर चालला होता. त्याने बदरुद्दीनला पाहिलं आणि डोंगराकडे हात करून ओरडला, "मतर! मतर! वादी!"

एवढं अरबी बदरुद्दीनला पुरेसं होतं. वर पाऊस पडला की खाली ऊन असतानाही ही कोरडी पात्रं घटकाभरात भरून वाहतात. वादी आली, असं म्हणतात तिकडे, आणि आली की ती गाड्यासुद्धा घेऊन जाते. त्याने गुहेत तोंड घालून तीनदा शिट्टी वाजवली. परत फिरा, ही खूण ठरलेलीच होती.

बराच वेळ काही नाही. मग सरपटण्याचा आवाज आला आणि आशुतोष बाहेर आला, त्याच्यामागे एकेक मूल, चिखलाने माखलेलं. बाहेर येणाऱ्याचं तोंड बघ, टॅग काढताना बघ, वरच्या एका सपाट खडकावर पाठव. सहा झाले, सात झाले. आठवा अनय. त्याचा गुडघा फुटला होता आणि तो रडत भोकातच आडवा पडला. मागून पोरं ढकलत होती. बदरुद्दीनने फळीकडे पाठ केली, अनयच्या काखेत हात घालून त्याला ओढून काढलं, रुमाल बांधला. तेवढ्यात त्याच्या मागून दोघं-तिघं आपापले टॅग काढून पटापट निसटली. त्याने वळून बघितलं तर नारिंगी जॅकेट पाठमोरं वर खडकाकडे चाललेलं.

त्याचा जीव भांड्यात पडला. मग फळीवर नजर गेली आणि त्याला रागच आला. सनाचा टॅग तसाच लटकत होता. एवढं घसा फोडून सांगितलं, आणि घरचीच कार्टी विसरली! लोक काय म्हणतील, परकाराची पोरगी? त्याने तो टॅग काढला आणि खिशात टाकला. वर गेल्यावर कान पिळू, असं मनाशी ठरवलं.

उरलेली मुलं आली, त्यांनी आपापले टॅग काढले. सगळ्यात मागे तेजश्री होती. तिचा आवाज आतून आला, "भाई, बोर्डावर किती?"

"एक," बदरुद्दीन ओरडला. "फकस्त तुमचा!"

"नक्की?"

"नक्की!"

त्याच्या शब्दावर तेजश्री बाहेर आली.

थेंब पडायला लागले होते. आशुतोष वर मुलांना पाणी देत होता. बदरुद्दीन फळी काखोटीला मारून खडकावर चढला आणि नारिंगी जॅकेटच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काय गो, टॅग कोण काढणार? तुझा बाप?"

जॅकेट वळलं. आत सई होती.

"अंकल, मला थंडी वाजत होती," ती म्हणाली. "सनाने तिचं जॅकेट मला दिलं."

बदरुद्दीनला पहिल्यांदा ते कळलंच नाही. मग कळलं. तो खाली बसला.

"सना कुठाय?" तेजश्रीने विचारलं.

"माझ्या मागे होती," सई रडायच्या बेतात आली. "जॅकेट काढताना तिचे स्पेक्स पडले. ती म्हणाली, तू हो पुढे, मी शोधून येते. मला वाटलं, तेजश्री टीचर मागे आहेत ना."

पुढच्यांना वाटलं ती मागे आहे, मागच्या तेजश्रीला वाटलं ती पुढे गेली, आणि फळीनेही तेच सांगितलं. फळी कधी खोटं बोलत नाही, हे बदरुद्दीनच सगळ्यांना सांगत आला होता.

"माज्याकडनं झालं," तो फक्त तेजश्रीला ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणाला. "मीच काढला तिचा टॅग."

तेजश्रीने आशुतोषला सगळ्या मुलांना घेऊन वरच्या कड्यावर जायला सांगितलं. अकरा मुलं आणि येणारी वादी, त्यांना एकटं सोडता येत नव्हतं. ती हेल्मेट चढवत म्हणाली, "भाई, आत एकट्याने जायचं नाही हा आमचा नियम आहे. आशुतोष परत येईपर्यंत थांबायचं, नाहीतर तुम्ही चला. तुम्ही सांगा."

होल वॉचरने आत जायचं नसतं. बावीस वर्षांत ही एक गोष्ट पाळायला त्याला कधीच कष्ट पडले नव्हते. आत्ताही त्याच्या आतून कुणीतरी ओरडत होतं, थांब, आशुतोष येईल, तो दांडगा आहे, तू काय करणार आहेस? त्याला त्या आवाजाची लाज वाटली आणि तरी तो आवाज थांबेना.

त्याने अनयचं हेल्मेट डोक्यावर घातलं, भोकाशी परत येऊन फळी दगडाला टेकवली. खिशातून सनाचा टॅग काढून तिच्या खिळ्याला अडकवला. तेजश्रीने तिचा लावला. त्याला स्वतःचा टॅग नव्हता, कारण त्याच्यासाठी खिळाच ठोकलेला नव्हता. त्याने पाकिटातलं रेसिडेंट कार्ड काढलं आणि आशुतोषच्या रिकाम्या खिळ्यामागे खोचलं. "बिस्मिल्ला," म्हणून तो पोटावर आडवा झाला.

ते तीस-चाळीस फूट त्याने कसे काढले, हे त्याला पुढे कधी सांगता आलं नाही. दहा फुटांवर पाठ छताला लागली आणि तो थिजला. पुढे जाता येईना, मागे येता येईना. श्वास नाकातच अडकला. वरून झाकण पडलं होतं, खलाशी जेवायला गेले होते, आणि तो आठ वर्षांचा होता. त्याच्या हाताखाली पाणी लागलं. गार, बोटभर, आत वाहणारं.

"भाई," पुढून तेजश्रीचा आवाज आला, "माझ्या बुटाला हात लावा. दुसरं काही बघू नका. लावला?"

"लावला."

"आता बूट सरकला की तुम्ही सरका."

बूट सरकला. तो सरकला. घाबरट माणूसही बुटाएवढं अंतर जाऊ शकतो. असं बुटाबुटाने तो त्या दालनात जाऊन पडला आणि भिंतीला धरून उभा राहिला.

दालन मोठं होतं. छतातून पाण्याच्या धारा सुरू झाल्या होत्या आणि त्यांचा आवाज एवढा की तेजश्रीने "सना!" अशी हाक मारली तर ती चारी भिंतींनी परत फेकली. उत्तर आलं असेल तर त्यातच बुडालं. पलीकडे दोन अंधाऱ्या फटी आत जात होत्या. तेजश्रीने घड्याळ पाहिलं. तिचाही चेहरा पांढरा पडला होता. ते बघून बदरुद्दीनला आणखीच भीती वाटली.

आणि तेव्हा त्याचे हात आपणहून कामाला लागले. त्याने एक धोंडा उचलला, पहिल्या फटीच्या खडकावर दोनदा ठोकला आणि कान दगडाला लावला. लोखंडी टाकीत पंखे घरघरत असताना माणसाचा आवाज ऐकू येत नाही, ठोका येतो. टाकीला कान लावूनच त्याची हयात गेली होती.

काही नाही.

दुसऱ्या फटीशी गेला. टक टक. कान लावला. डोळे मिटले. आपल्याच काळजाचे ठोके ऐकू येत होते, ते बाजूला सारावे लागले.

टक टक.

"हाय! हाय तिकडं!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की तेजश्री दचकली.

फट वळणावळणाची होती. दिवा घेऊन या वेळी तोच पुढे घुसला. सना एका कोनाड्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. अंगात पातळ शर्ट, डोळ्यावर चष्मा नाही, हातात दगड. चष्मा शोधताना तिला आंधळ्यासारखं होऊन ती भलत्या वाटेला लागली होती. चुकलो हे कळलं तशी बसून राहिली होती. उजेड बघून तिने डोळे बारीक केले.

"तेजश्री टीचर?"

"मी हाय," बदरुद्दीन म्हणाला.

"अब्बा?" सनाचा विश्वास बसेना. "तुम्ही? आत?"

त्याने तिला छातीशी धरलं आणि हमसून रडला. ती थरथरत नव्हती. तोच थरथरत होता.

बाहेर पडताना वाटेत वीतभर पाणी होतं. हनुवटी वर धरून सरपटावं लागलं. सना मध्ये, तो सगळ्यात मागे. भोकातून डोकं काढलं तेव्हा खाली वादीच्या धोंड्यांमधून मातकट पाणी घोंगावत निघालं होतं, पण अजून कमरेखाली होतं. वर आशुतोष धावत उतरत येत होता.

सना फळीपाशी गेली. चष्मा नसल्यामुळे अगदी जवळ जाऊन तिने बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. तिचा टॅग खिळ्याला होता.

"बघा!" ती म्हणाली. "आय न्यू इट. मी आत घाबरले होते ना, तेव्हा मी हेच म्हणत होते. माझा टॅग लटकतोय, बाहेर अब्बा आहेत, तो असेपर्यंत कुणी घरी जाणार नाही. म्हणून मी जागची हललेच नाही."

तेजश्रीने बदरुद्दीनकडे पाहिलं आणि चटकन नजर वादीकडे वळवली. ती काही बोलली नसती. मुलांना सना मागे राहिली एवढंच कळलं होतं. गप्प राहिला असता तर बदरुद्दीन लेकीच्या डोळ्यांत जन्मभर पहाडासारखा उभा राहिला असता, आणि त्याला तसं व्हायचं होतं, फार व्हायचं होतं.

"सना," तो म्हणाला, "तो टॅग मी काढलेला. सईच्या अंगावर तुझं जाकीट बघितलं आणि वाटलं तूच. तोंड नाय बघितलं. आत येताना परत लावला."

सनाने खिळ्यावरच्या टॅगला बोट लावलं.

"म्हणजे मी आत बसले होते तेव्हा तो इथे नव्हता?"

"नव्हता."

"किती वेळ?"

"अर्धा घंटा तरी."

सनाने फळीकडे बघितलं, मग त्या काळ्या भोकाकडे. आत जी भीती तिने अडवून धरली होती ती आता आली. दात वाजायला लागले, ओठ निळे दिसले. बदरुद्दीनने हात पुढे केला, पण ती मागे सरकली. त्याने हात खाली घेतला. तिने आपल्यापासून मागे सरकावं, याच लायकीचे आपण आहोत असं त्याला वाटलं.

"भाई, यल्ला," आशुतोष म्हणाला. "पाणी वाढतंय."

सनाने टॅग खिळ्यावरून काढला. काढून मुठीत धरला आणि तशीच उभी राहिली. मग तो पुन्हा खिळ्याला अडकवला आणि वळली. बापाच्या अगदी जवळ आली, चष्म्याविना त्याचा चेहरा दिसेल इतकी जवळ.

"अब्बा, माझ्याकडे बघा," ती म्हणाली. "तोंडाकडे."

त्याने बघितलं. चिखलाने भरलेलं, रडवेलं, त्याच्या आईसारखं रुंद कपाळ असलेलं तोंड. बघताना त्याने पापणी लववली नाही.

"बघितलं?"

"बघितलं."

तेव्हा तिने हात मागे नेऊन चाचपत टॅग काढला.